लाँगबोर्डवर या चुका टाळा: आधी लाट बघा, मग बोर्ड, मग स्टाइल

सॅन डिएगोत टुर्मलिनच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी सकाळी एक तरी आपला माणूस भेटतोच. नवाकोरा सर्फबोर्ड गाडीच्या टपावर, वेटसूटची पाठीची चेन पोटावर आलेली, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, हँग टेन जमायला किती दिवस लागतात हो?" मी काही बोलायच्या आधी त्याचा बोर्ड उलटा करून बघतो. निम्म्या वेळा उत्तर तिथंच असतं: या बोर्डावर, या लाटांवर, बहुतेक कधीच नाही. तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

बघा, लाँगबोर्ड म्हणजे ढोबळमानाने ९ फूट आणि त्यापुढचा, पण त्या एका नावाखाली दोन वेगळे संसार आहेत. एक ट्रॅडिशनल, म्हणजे लॉग. साडेनऊ-दहा फुटी, जड, कडा गोल आणि मऊ, मागे तळाला एकच मोठा फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, आणि सगळी मजा सरकण्यात, बोर्डावर चालण्यात आणि नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, जाऊन पायाची बोटं बाहेर काढण्यात. पाच काढली तर हँग फाइव्ह, दहाच्या दहा काढली तर हँग टेन. दुसरा प्रोग्रेसिव्ह, किंवा परफॉर्मन्स म्हणा. हा बहुतेक वेळा ९ फुटाच्या आसपास, हलका, नाक आणि शेपटी जास्त वर वळलेली, मागच्या कडा धारदार, मधे एक फिन आणि बाजूला दोन छोटे. याची मजा लाटेच्या उभ्या भिंतीवर वर-खाली मारण्यात, कटबॅकमध्ये, म्हणजे गर्रकन लाटेच्या फेसाकडे मागे वळण्यात, लाटेच्या ओठावर, म्हणजे कोसळत्या वरच्या कडेवर, आपटून परत येण्यात. दोघांच्या वजनात सहज दोन-तीन किलोचा फरक असतो. दोन्ही छान. मी लॉगवाला आहे ते पुढे लपणार नाहीच, तरी दोन्ही छान.

आता पहिली चूक, जी मी स्वतः केलीये आणि म्हणून दुसऱ्याने केलेली बघवत नाही: "सगळं करणारा" बोर्ड विकत घेणं. मी पहिला बोर्ड घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने असं काही वर्णन केलं की लग्नाच्या बायोडेटातलं स्थळ वाटावं, नाकावरही जातो, वळतोही झटकन, हलका आहे, दिसायला गोरापान, आणि मी आपला भाळलो. ९ फुटी, तीन फिन, मागच्या कडा सुरीसारख्या. मग पुढचं अख्खं वर्ष मी टुर्मलिनला रोज सकाळी सहाला त्या बोर्डावर नाकापर्यंत जायचा प्रयत्न केला, आणि टुर्मलिन म्हणजे काय, तर मऊ, संथ, आळसावलेली लाट, जिच्यावर हलका बोर्ड दोन सेकंदांत मरतो. मी पुढे पाऊल टाकलं की बोर्ड थांबायचा, मागे आलो की लाट निघून जायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, मग यूट्यूब, मग योगा, मग तीन किलो वजन कमी केलं.

तिथे एक सत्तरीचे गोरे आजोबा रोज असायचे, वर्षभरात कधी नमस्कार नाही की चमत्कार नाही. एक दिवस पॅडल करत जवळ आले आणि म्हणाले, बोर्ड दे इकडे, माझा घे. त्यांचा लॉग दहा फुटी, हिरवट काचेच्या कापडाचा, धरला तर वाड्याच्या दरवाजाची फळी उपसून आणल्यासारखा. पहिल्याच लाटेला माझे दोन-तीन हात कमीच मारून झाले आणि बोर्ड निघाला, आणि उभा राहिलो तर खाली काही हालतच नव्हतं, लांब पल्ल्याच्या एसटीने एकदा वेग धरला की कसं वाटतं, तसं. नाकावर नाही गेलो मी त्या दिवशी, पण मधल्यामधे दोन पावलं पुढे टाकली आणि बोर्डाने तक्रार केली नाही, एवढ्यावरच मी पाण्यात एकटा हसत होतो. अर्ध्या तासाने आजोबांनी माझा बोर्ड परत केला आणि म्हणाले, चांगला आहे, फक्त ही जागा त्याची नाही.

बस. एक वर्ष आणि एक वाक्य.

म्हणून माझा नियम असा, आठवड्यातून चार वेळा जिथे जाणार ती लाट बघा, आणि तिच्यासाठी बोर्ड घ्या. स्वप्नातल्या लाटेसाठी नको. संथ आणि मऊ असेल तर लॉग. उभी, जोरात कोसळणारी असेल तर परफॉर्मन्स. आणि घ्यायच्या आधी कोणाचा तरी मागून अर्धा तास चालवा, लाज कसली त्यात.

याच्या उलटी चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. आमच्यातला एक जण, नाव कशाला घ्या, लॉग घेऊन हिवाळ्यात ब्लॅक्सला गेला. ब्लॅक्स बीचसमोर समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे लांबून आलेली लाट वळून तिथे एकवटते आणि आजूबाजूच्या किनाऱ्यांपेक्षा मोठी आणि तापट होऊन येते. वर साधारण तीनशे फुटी कडा, तो उतरूनच खाली जायचं. या गड्याने दहा फुटी धूड डोक्यावर घेऊन तो कडा उतरला, पाण्यात गेला, पहिलीच लाट पकडली, लाट उभी राहिली, आणि लॉगचं नाक सपाट असतं ते सरळ पाण्यात. बोर्डाचे दोन तुकडे. मला फोन आला तेव्हा तो एक तुकडा या काखेत आणि दुसरा त्या काखेत घेऊन तोच कडा चढत होता आणि धापा टाकत विचारत होता, चिकटवता येईल का रे? नाही येणार. म्हणजे येतो खरं तर, पण तू नको चिकटवू.

आणि लॉगवर उभं राहून शॉर्टबोर्डसारखे कंबरेचे झटके देणारे, त्यांना एवढंच सांगतो की लॉग वळवायचा असेल तर आधी मागे शेपटीपर्यंत चालत जा, तिथून वळव, त्याच्या मधोमध उभं राहून नाचून काही होत नाही.

दुसरी लाडकी चूक: नाकाकडे पळत सुटणं.

रील्सनी वाट लावलीये. पंधरा सेकंदांत माणूस नाकावर, केस उडतायत, हात मागे, वा. त्याच्या आधी त्याने काय केलं ते कोणी दाखवत नाही. तर आधी हे समजून घ्या की माणूस नाकावर उभा राहतो तेव्हा बोर्ड पुढे कलंडत का नाही. शाळेच्या मैदानातला सी-सॉ आठवा, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवं ना? ते कोणीतरी म्हणजे पाणी. कोसळणारी लाट बोर्डाच्या शेपटीवर पडते आणि शेपटी दाबून धरते, मऊ गोल कडांना पाणी चिकटून वर वळतं म्हणून शेपटी आणखी धरली जाते, आणि नाकाखाली बऱ्याच लॉगना जो उथळ खळगा असतो तो पुढून उचल देतो. परफॉर्मन्स बोर्डाच्या धारदार कडा मुळात पाणी झटकून टाकायलाच केलेल्या असतात, म्हणून तो पळतो छान आणि म्हणूनच त्याच्यावर नाकावर फार वेळ टिकता येत नाही. जे टिकतात ते ग्रेट आहेत, तुम्ही-आम्ही नाही.

म्हणजे नाकावर जायची वेळ तुम्ही ठरवत नाही, लाट ठरवते. शेपटी पाण्याच्या पकडीत आली की जायचं, त्याआधी गेलात तर सी-सॉवर दुसऱ्या टोकाला कोणीच नाही.

उन्हाळ्यात सॅन ओनोफ्रेला, ओल्ड मॅन्सवर, आमच्या मंडळातला एक तरुण, दोन महिन्यांचा अनुभव, आयटीतला, कामाच्या डेडलाइनसारखाच लाटेवरही घाईत. उभा राहिला की लगेच टुकटुक टुकटुक, पाय न ओलांडता खेकड्यासारखा सरकत पुढे. पुढे लाट अजून सपाटच. नाक घुसलं, तो पुढून उडाला, बोर्ड पाण्याखाली गेला आणि तिथून सुटलेल्या बाणासारखा वर आला तो माझ्या बोर्डाच्या कडेवर. लिंबाएवढं भोक. मी बोंबलतोय, आणि हा पाण्यातून डोकं वर काढून विचारतो, "पण मी पुढे पोचलो होतो ना?" हो बाबा, पोचला होतास.

मी काय करतो ते सांगतो, पुस्तकातलं नाही हे, माझी सवय आहे. पहिल्या चार-पाच लाटांवर एक पाऊलही टाकत नाही, नुसता मधे उभा राहून तिरका सरकतो. मग एखाद्या लाटेवर मागचा पाय शेपटीवर दाबून बोर्डाला ब्रेक लावतो, लाटेला मला गाठू देतो. पुढची भिंत उभी राहताना दिसली तरच चालायला लागतो, आणि नाक जरा जड वाटलं की परत. परत येणं हा अर्धा खेळ आहे आणि तो कोणी शिकतच नाही, सगळे नाकावरून थेट समुद्रात उतरतात, शेवटच्या स्टॉपला उतरल्यासारखे.

आणि चालायचं ते क्रॉस-स्टेपने, एक पाय दुसऱ्यावरून ओलांडून टाकत. सरकत गेलात की दर पावलाला बोर्ड हिसका खातो. हे पाण्यात शिकायचं नसतं, घरी शिकायचं असतं. मी गॅरेजच्या फरशीच्या सांध्यावर रोज दहा मिनिटं, अनवाणी, गुडघे वाकवून, नजर समोर, पुढे पाच पावलं आणि उलटी पाच, महिनोन्‌महिने. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा, दोन दिवस दारातून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जावईबापू, सप्तपदी विसरलात की काय, दोन पावलं कमी पडतायत." आता सातच टाकतो.

जरा जुनं उकरतो, कारण लोक मला येऊन सांगतात की ट्रॅडिशनल हेच खरं किंवा प्रोग्रेसिव्ह हेच पुढचं, जणू कालच शोध लागलाय. हे भांडण आमच्याच गावात १९६६ ला झालंय. सॅन डिएगोतल्या जागतिक स्पर्धेत कॅलिफोर्नियाचा डेव्हिड नुहिवा म्हणजे नाकावरचा राजा, सगळ्यांना वाटलं तोच जिंकणार, आणि जिंकला ऑस्ट्रेलियाचा १८ वर्षांचा नॅट यंग, ९ फूट ४ इंची, त्या काळच्या मानाने पातळ बोर्डावर, नाकापेक्षा वळणांवर जोर देत. त्यानंतर दोनेक वर्षांत बोर्ड एवढे छोटे झाले की लाँगबोर्ड गॅरेजात धूळ खात पडले. आणि गंमत म्हणजे तोच नॅट यंग १९८६ पासून लाँगबोर्डची जागतिक विजेतेपदं जिंकत होता. मग सॅन डिएगोचाच जोएल ट्यूडर आला, जुनी एक फिनवाली पद्धत धरून बसलेला, १९९८ ला विजेता, २००४ ला विजेता, आणि २०२१ ला पंचेचाळिसाव्या वर्षी परत विजेता. म्हणजे झोका इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी शिकलात, तुम्ही कुठल्याही पार्टीत नाही आहात अजून.

पण या ट्रॅडिशनल पार्टीचा एक वाईट परिणाम मला छळतो. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, काढून टाकणं. जुने लोक लीश लावत नव्हते, बरोबर, कारण ती १९७० च्या सुमारास आली. आजही ट्रॅडिशनल स्पर्धांत बिनलीशचे जातात, त्यांचे पाय दोरीत अडकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यांचे बोर्ड हातातून सुटत नाहीत. तुमचा सुटतो. ओल्ड मॅन्सला आत कडेला लहान पोरं खेळत असतात आणि नऊ-दहा किलोचा लॉग एकटा किनाऱ्याकडे निघतो तेव्हा त्याला क्लासिक वगैरे काही कळत नाही. सलग वीस लाटा बोर्ड न सोडता पूर्ण करा, मग काढा हवी तर. तोवर पायाला, आणि बोर्डाएवढ्याच लांबीची. लॉगर लोक गुडघ्याखाली पोटरीला बांधतात ती बरी, चालताना पायात कमी येते.

बाकीचं पटापट. फिन कुठे बसवलाय ते बघतसुद्धा नाहीत, लांब खाच दिलीये ती सरकवायलाच आहे: मागे घेतला तर बोर्ड रेषा धरून चालतो, पुढे घेतला तर चटकन वळतो, नाकावर जायचंय तर मागे. एका फिनचा बोर्ड असेल तर जेवढे फूट जवळजवळ तेवढे इंच फिन, एवढा हिशोब पुरे. लाँगबोर्ड आहे म्हणून लांबूनच सगळ्या लाटा पकडत बसू नका, शॉर्टबोर्डवाले शिव्या देतात आणि बरोबर देतात. गोव्यात, कर्नाटकात मुल्कीला किंवा श्रीलंकेत वेलिगामाला फोमच्या बोर्डावर शिकत असाल तर स्टाइलचा विषयच काढू नका, आधी लाटेवर तिरकं जायला शिका, किनाऱ्याकडे सरळ तर ओंडकाही जातो.

आणि वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळतात ते मेण, नाकापर्यंत लावा हो. सगळे मधेच चोळतात, पुढचा दोन फुटांचा भाग आरशासारखा गुळगुळीत. आठ महिने सराव करून एक जण शेवटी नाकावर पोचला, लाट बरोबर, शेपटी पकडलेली, पावलं सुद्धा ओलांडून टाकलेली, मी लांबून ओरडून टाळ्या वाजवतोय, आणि त्याचे दोन्ही पाय साबणावरून घसरावेत तसे पुढे निघून गेले. बोर्ड त्याच्याशिवाय अजून पंधरा-वीस फूट छान सरकत गेला.