काठिन्य वाढले म्हणजे कण टिकले असे नव्हे: निकेल-टंगस्टन लेपावरचे पहिले वर्ष

नॅनोस्फटिकी (नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिककण असलेल्या) लेपांच्या उष्णतास्थैर्यावर, म्हणजे तापवल्यावर ते कण तसेच टिकतात का यावर, काम सुरू करणाऱ्याला कणसीमा (दोन कण भेटतात ती जागा) म्हणजे काय आणि कण लहान झाले की काठिन्य का वाढते, हे ठाऊक असतेच, म्हणून त्यावर अधिक शब्द खर्च करत नाही. माझा विषय विद्युतविलेपनाने (द्रावणातून वीज सोडून) चढवलेला निकेल-टंगस्टनचा लेप हा होता, आणि पहिल्या वर्षातले आठ महिने ज्या चुकीपायी गेले, ती सांगताना मला आजही ओशाळल्यासारखे होते.

लेप 300 अंश सेल्सिअसला तासभर तापवून काठिन्य मोजले, तर ते घटण्याऐवजी वाढले होते. कण वाढले असते तर लेप मऊ पडला असता, तो पडला नाही, म्हणजे कण होते तसेच आहेत, असा हिशेब मांडून मी अहवालात ‘लेप स्थिर’ असे लिहूनही टाकले. प्रत्यक्षात नुकत्याच चढवलेल्या लेपाच्या कणसीमांवरील अणूंची मांडणी विस्कटलेली असते. सौम्य उष्णतेने ती सावरते आणि कणांचा आकार न बदलताही लेप कठीण होतो. त्यातच कण 10 नॅनोमीटरहून लहान असतील, तर ‘कण लहान तितके काठिन्य जास्त’ हा नियमच ढिला पडतो, कधी उलटतोही, त्यामुळे कण थोडे वाढूनही काठिन्य चढलेले दिसू शकते. कणसीमांचे सावरणे आणि कणांची वाढ एकाच वेळी चालू असली, तर हातात येणारा आकडा ही त्यांची बेरीज-वजाबाकी असते. निव्वळ काठिन्यावरून कणांविषयी निष्कर्ष काढू नका. काढलात, तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात अडवतील.

मग मी एक्स-किरण विवर्तनाकडे (स्फटिकांवरून विखुरलेल्या एक्स-किरणांच्या आलेखाकडे) वळले आणि तेथेही घाई नडली. आलेखातले शिखर कण लहान असल्याने रुंदावते, तसेच जालकातील (अणूंच्या नियमित जाळीतील) सूक्ष्म विकृतीने आणि उपकरणामुळेही. तापवल्यावर विकृती निवळली की शिखर अरुंद होते आणि कण वाढल्याचा भास होतो. एका क्लिकवर कणांचा आकार सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा तेव्हापासून राग आहे. शिवाय विवर्तनातून सरासरी मिळते. मोजकेच कण बेसुमार वाढले असतील, तर ते पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून) दिसतात.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. महिन्यातून एकदा आलेख पाहणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा भट्टी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांनी मला अधिक शिकवले. नमुन्याला चिकटवून दुसरे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा, हे त्यांनीच सांगितले, आणि पोलादावरचा लेप जास्त तापवलात तर खालचा कार्बन वर येऊन टंगस्टनशी कार्बाइड (कार्बनचे संयुग) बनवेल, हेही. भट्टीत आर्गॉन वायू किंवा निर्वात नसेल, तर ऑक्सिडेशनचे वेगळे दुखणे मागे लागते.

तरीही घाबरून विषय सोडण्याचे कारण नाही. शुद्ध नॅनोनिकेलचे कण 300 अंशांच्या आसपासच झपाट्याने वाढतात, पण पुरेसे टंगस्टन असलेला लेप त्याच्या पुष्कळ वर टिकतो, त्यामुळे मोजण्याजोगे काहीतरी हाती लागतेच. मात्र टंगस्टनचे प्रमाण प्रवाहघनतेनुसार (दर क्षेत्रफळामागच्या वीजप्रवाहानुसार) आणि द्रावण जुने होत जाईल तसे बदलते. ते प्रत्येक नमुन्यात तपासा.

माझे ‘वाया गेलेले’ बारा नमुने मी टाकून दिले नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांतल्या नऊंमधील कणांचा आकार खरोखरच बदललेला नव्हता. त्या नऊंपुरता अहवालातला निष्कर्ष बरोबर होता, फक्त त्याला दिलेला पुरावा चुकीचा होता.