रेडिएशननंतर जबडा आखडू नये म्हणून काय करायचं
तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं की सगळे म्हणतात सुटलात, पण जबडा बऱ्याचदा त्यानंतरच्या महिन्यांतच आखडत जातो, म्हणून व्यायाम सोडू नका प्लीज. तोंड सावकाश जमेल तेवढं उघडा, ताण जाणवला की थोडं थांबा, मग मिटा, असं दिवसातून बऱ्याच वेळा, पण दुखेपर्यंत ओढायचं नाही. अधूनमधून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा, ३५ मिलिमीटरच्या खाली आलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लाळ कमी झाल्यामुळे दात पटकन किडतात, फ्लोराइडचं डेंटिस्टला विचारा. आणि दात काढायची वेळ आली तर रेडिएशन झालंय हे आधी सांगाच, जबड्याचं हाड नीट भरून न येण्याचा धोका कित्येक वर्षं राहतो.