चौथीतल्या पोरांची रोबोट टीम घरच्या बाल्कांवात (दारापुढच्या सोप्यात) कशी उभी करायची

पहिल्या वर्षी महागडं किट घेऊ नका. आपल्या गोव्यात सरकारी कोडिंग-रोबोटिक्स आलंय पण ते सहावीपासून पुढे, तिसरी-चौथीच्या पोरांना कोण विचारतोय, आणि गंमत म्हणजे दिवाळीच्या आधी नरकासुराच्या पुतळ्याचे हात कसे हलवायचे म्हणून वाड्यावर डोकं खाजवत बसलेली असतात ती हीच पोरं. म्हणून आमचं चॅलेंज पण तेच: पुठ्ठ्याचा छोटा नरकासुर, रोबोटने दोन मीटर जायचं आणि त्याचं डोकं पाडायचं. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सुरू करा, दिवाळीपर्यंत सहा-सात शनिवार सहज मिळतात.

टीम चार जणांची. जास्त घेतलीत तर दोघं काम करणार, बाकीचे मोबाईल बघणार. एक बांधणार, एक मोजणार, एक वहीत लिहिणार, एक चालवणार, आणि दर शनिवारी कामं बदलायची म्हणजे बदलायचीच, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर एकाच मुलाच्या हातात राहतो आणि मुलींकडे पोस्टर रंगवायचं काम येतं, हे मी दर वेळी बघतो. वेळ अडीच मिनिटं, हे फर्स्ट लेगो लीगमधून उचललंय, १९९८ पासून चाललेली स्पर्धा आहे ती, तिथे टेबलावरच्या रोबोटला तेवढीच मिळतात. पोचला तर १० गुण, डोकं पडलं तर २०, मध्येच हात लावला की दर वेळी ५ वजा.

आधी रोबोटचा हात करा, गाडी नंतर. औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणा, एक ५ मिलीची एक १० ची, मध्ये पातळ नळी, आत रंगीत पाणी. लहान दाबली की मोठी कमी सरकते पण जोर जास्त लावते, उलट केलं की उलट, हे पोरांना दाबू दे आणि त्यांनाच सांगू दे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हात लुळा पडतो, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. पहिल्यांदा हमखास राहतोच, राहू दे.

गाडीला दोन पिवळ्या बीओ मोटर (सेलवर चालणाऱ्या छोट्या गिअरवाल्या), ६५ मिमीची चाकं, पुढे एक कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारं छोटं चाक, चार सेल, एक स्विच. बस. प्रोग्रॅमिंग अजून नको. चाकाला दोरा गुंडाळून मोजायला लावा, साधारण २० सेंमी भरतो, मग दोन मीटरला किती फेऱ्या ते चौथीतलं पोर स्वतः काढतं.

आणि मग गाडी वाकडी जाते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ओरड, "सर, हो दाव्या कुशीन वता!" (हा डावीकडे जातोय!) इथे घाई करू नका, खरं सायन्स इथेच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही मोटरी अदलाबदल करा, चाकं जिथली तिथे. आता उजवीकडे वळली तर दोष मोटरीत, एकाच पाकिटातल्या दोन मोटरी पण सारख्या फिरत नाहीत. अजून डावीकडेच गेली तर चाक बघा, कॅस्टर बघा, सेलचं वजन एका बाजूला पडलंय का बघा. प्रत्येक फेरीला खडूने खूण आणि वहीत नोंद.

पुढे हौस आली तर जमिनीवर काळी टेप चिकटवून लाईन फॉलोअर करा, म्हणजे आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) सेन्सरने टेप ओळखून तिच्यावरून आपोआप जाणारी गाडी. पण माझं काय झालं ते ऐका, सगळे पालक बाल्कांवात जमलेले, सकाळी मस्त चाललेली गाडी संध्याकाळी साडेचारला गोल गोल फिरायला लागली. तिरकं ऊन आत आलेलं, उन्हातलं इन्फ्रारेड थेट सेन्सरवर. पडदा म्हणून जुनी चादर बांधली तेव्हा चालली.

दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, गाडी बिस्किटाच्या डब्यात झाकून ठेवा, सेल बॉक्सच्या स्प्रिंगला गंज दिसला की पॉलिश पेपर मारा.

राहता राहिले आपण. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडला मुलं काम करत असताना कोच त्यांना काही सांगू शकत नाही, घरी पण तोच नियम लावा. मला तर हात मागे बांधून बसावं लागतं. नवे सेल मात्र सकाळीच घालून ठेवा, ते पोरं विसरतात.