विनोदी सिनेमाचा जुना ठेवा घरात कसा मांडावा

सांगलीत नाटक आणि शेजारच्या कोल्हापुरात सिनेमा, ही या भागाची जुनी वाटणी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तर कोल्हापूरने पुढे स्टुडिओ दिले, पोस्टरं रंगवणारे पेंटर दिले आणि मास्टर विनायकांसारखा विनोदाची नस सापडलेला दिग्दर्शकही दिला. म्हणूनच इथल्या घरांत माळा आवरायला काढला की जुन्या हसऱ्या सिनेमांचं काहीतरी हाताला लागतं. कधी घड्या घातलेलं पोस्टर असतं, कधी थिएटरच्या काचेत लावायची फोटोकार्डं, गाण्यांच्या चोपड्या, ईपी म्हणजे दोन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या, नाहीतर पिवळी पडलेली कात्रणं.

हे सगळं घरात मांडायचं तर पहिली गोष्ट: सगळं लावू नका. भिंतभर पोस्टरं बघून पाहुणा "बापरे, केवढं हे!" म्हणतो, पण हसत नाही. मांडणी विनोदाची असेल तर बघणाऱ्याच्या ओठाचा कोपरा हलायला हवा, आणि त्यासाठी दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा लागते. जुन्या कागदालाही सतत उजेड सोसत नाही, त्याला अधूनमधून अंधारात ठेवावंच लागतं. थोडं लावायचं, बाकीचं पेटीत ठेवायचं आणि पाळीपाळीने बदलत राहायचं, एवढ्याने दोन्ही साधतं.

आधी सगळं खाली मांडा

जमिनीवर स्वच्छ चादर पसरा, हात धुऊन कोरडे करा आणि पंखा बंद करा. (पंख्याचं मुद्दाम लिहितोय. जुन्या पोस्टरचा कोपरा एका झुळकीने दुमडतो आणि तिथेच तुटतो.) मग तीन ढीग करा: मूळ छापील माल, नंतर काढलेल्या प्रती, आणि बाहुल्या, कॅसेटी, तबकड्या अशा वस्तू.

मूळ कोणतं आणि प्रत कोणती हे ओळखायला घड्याळजीकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेटवर छापलेल्या चित्रात रंगाचे ठिपके ठरावीक नक्षीत, ओळीत बसलेले दिसतात. आजच्या इंकजेट प्रिंटमध्ये ते फवारल्यासारखे विस्कटलेले असतात. त्याहून सोपी खूण घडीची. थिएटरांकडे जाणारी पोस्टरं घडी घालून पाठवायचे, त्यामुळे मूळ पोस्टरवर घडीच्या रेषेवरची शाई झिजून खालचा पांढरा कागद दिसतो आणि बोट फिरवलं की ती रेष लागते. प्रतीतही पांढरी रेष असते, पण ती छापलेली. बोट सरळ पुढे सरकतं. विकणारा कितीही शपथा घेवो, आधी बोट फिरवून बघावं.

घडी पडलेलं पोस्टर कमअस्सल नसतं. इस्त्री करून घडी घालवायच्या भानगडीत पडू नका.

प्रत्येक वस्तूला वहीत एक नंबर द्या आणि पुढे वस्तू काय, सिनेमा कोणता, साल कोणतं, कुठून मिळाली एवढं लिहा. तोच नंबर वस्तूच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलकेच टाका. बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. प्रत्येक कागदाचा चांगला फोटो किंवा स्कॅन याच वेळी करून ठेवा. त्याचा उपयोग पुढे दोनदा होणार आहे.

भिंत कोणती

पश्चिमेची बाहेरची भिंत बाद. पावसाळ्यात तीच ओल धरते आणि उन्हाळ्यात दुपारी तीच तापते. न्हाणीघराला लागून असलेली आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर जिच्यापर्यंत पोचतो ती भिंतही नको. घराच्या मधली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात चांगली. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न ड्रिलने सुटतो. गावभागातल्या जुन्या वाड्यात मात्र मातीची भिंत खिळा धरत नाही. तिथे वरच्या तुळईला किंवा लाकडी खांबांना आडवी रीप ठोकून घ्या आणि तिच्यावरून नायलॉनच्या दोरीने किंवा तारेने फ्रेमा सोडा. भिंतीला एकही भोक पडत नाही आणि फ्रेम हवी तेव्हा सरकवता येते. अदलाबदल करायची असेल तर हीच पद्धत फ्लॅटमध्येही बरी पडते.

उंचीचं म्हणाल, तर संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरतात. पण आपल्या घरी बैठक असते, माणसं बसून बघतात. बैठकीसमोरचं चित्र अर्धा-पाऊण फूट खाली घ्या.

उजेडाच्या बाबतीत हयगय नको. उन्हाने रंग उडतो तो परत येत नाही, आणि नुकसान थोडंथोडं साठत जातं. जुन्या कागदाला संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवतात. खिडकीपाशी दिवसा याच्या कितीतरी पट उजेड असतो. म्हणून खिडकीसमोरची जागा टाळा, पिवळसर एलईडी वापरा आणि तोही माणसं असतील तेव्हाच लावा.

फ्रेम करताना

आपल्याकडचे फ्रेमवाले देवाच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो करण्यात तरबेज. जुन्या कागदासाठी मात्र त्यांना चार गोष्टी समोर उभं राहून सांगाव्या लागतात. तो म्हणणार, "साहेब, मागनं चिकटवून टाकतो की, एकदम सपाट बसतंय बघा." आपण म्हणायचं, "नको मामा, चिकटवायचं नाही."

चिकटवलेलं पोस्टर पुन्हा सुटत नाही. लॅमिनेशनचंही तेच, वर त्यात गरम रूळ फिरतो. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि तो डाग जन्मभराचा. त्याऐवजी फोटोकार्डांना चार कोपऱ्यांवर पारदर्शक पॉलिस्टरचे त्रिकोणी कोपरे लावून आम्लरहित माउंटबोर्डवर, म्हणजे फ्रेमच्या आतल्या जाड पुठ्ठ्यावर, बसवा. मोठं पोस्टर असेल तर फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या सत्वाच्या खळीने लावून टांगतं ठेवा. खालची बाजू मोकळी राहिली पाहिजे, कारण हवेतल्या दमटपणाबरोबर कागद फुगतो-आकसतो, आणि सगळीकडून आवळला की त्याला लाटा येतात.

कागद काचेला टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आत दव धरलं की कागद, विशेषतः फोटो, काचेला चिकटतो. मधोमध चौकोन कापलेला माउंटबोर्ड, म्हणजे त्याची खिडकी, काच आणि कागदाच्या मध्ये आली की ते अंतर आपोआप सुटतं. मागे साधा हार्डबोर्ड थेट लावला तर त्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं, म्हणून मध्ये आम्लरहित बोर्ड हवाच. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळती राहते.

काच की ॲक्रिलिक? आपल्याकडच्या नेहमीच्या पोस्टरचा आकार ३० बाय ४० इंच. एवढ्या आकाराची ४ मिलिमीटर काच सुमारे पावणेआठ किलो भरते, तर ३ मिलिमीटर ॲक्रिलिक पावणेतीन किलो. मोठ्या पोस्टरला मी ॲक्रिलिकच घेईन, जमलं तर अतिनील किरण अडवणारं. ते कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

आता गंमत

इथे एक नियम पाळा: खोडी काढायची ती प्रतीने, मूळ कागद सुरक्षित जागी. मघाशी काढलेला स्कॅन इथे पहिल्यांदा कामाला येतो.

'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भुकेला चॅप्लिन बूट शिजवून खातो. ते चित्र दिवाणखान्यात लावलं तर नुसतं चित्र, जेवणाच्या टेबलाशेजारी लावलं तर विनोद. लॉरेल आणि हार्डी एकाच फ्रेममध्ये कोंबण्यापेक्षा दोन दारांमधल्या चिंचोळ्या पट्टीत लॉरेल आणि शेजारच्या ऐसपैस भिंतीवर हार्डी असे बसवा. पाहुणा आधी एकाला बघतो, दोन पावलं पुढे जातो आणि मग दुसरा दिसतो. त्या दोन पावलांच्या जागेत दुसरं काहीही लावू नका, घड्याळसुद्धा नाही.

जोड्याही लावता येतात. 'बीवी और मकान' (१९६६) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या एकाच गोष्टीच्या दोन लेकी. भाड्याच्या खोलीसाठी पुरुष साडी नेसतात ती गोष्ट. त्यांच्या शेजारी 'सम लाइक इट हॉट' (१९५९) ठेवलं की साड्या आणि फ्रॉक घातलेल्या बाप्यांचं एक छान दालन होतं. आणि सांगलीच्या माणसाला स्त्रीपार्टी काही नवीन नाही, त्यामुळे घरात संगीत नाटकातल्या एखाद्या स्त्रीपार्टी नटाचा जुना फोटो असेल तर तो या ओळीत सगळ्यात आधी लावा. तो गंभीर, पुढचे तिघे वाह्यात.

'बनवाबनवी'तल्या धनंजय मान्यांची चौकशी करणारी पाटी दाराबाहेर लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा बापडे, पण ती संग्रहात धरू नका.

'झपाटलेला' (१९९३) मधल्या तात्या विंचूची, म्हणजे रामदास पाध्यांनी बोलका केलेल्या बाहुल्याची, प्रतिकृती असेल तर ती शोकेसच्या मधोमध नको. कपाटाच्या वर, अर्धी पडद्याआड ठेवा. लहान मुलं घरी येणार असतील तर उतरवून ठेवा, नाहीतर रात्री त्यांच्या आया तुम्हाला फोन करतील.

वस्तूखालची पाटी दोन ओळींची पुरे: काय आहे आणि साल. 'सोंगाड्या, १९७१, फोटोकार्ड' एवढं बस. त्या प्रसंगात हसण्यासारखं काय आहे ते पाटीवर लिहिलं की हसू गेलंच.

चोपड्या आणि शोकेस

माझ्या मते अख्ख्या ठेव्यात सगळ्यात गोड चीज म्हणजे गाण्यांची चोपडी. बाहेर रंगीत चित्र, आत स्वस्त कागदावर गाणी, आणि त्याआधी पानभर कथासार. ते सार नायक पुरता अडचणीत सापडेपर्यंत येतं आणि पुढचं पडद्यावर बघा म्हणून थांबतं. म्हणून चोपडी मिटून ठेवू नका, त्या पानावर उघडी ठेवा. पण पूर्ण सपाट उघडली तर मधली पिन कागद फाडते. जाड आम्लरहित कार्ड दुमडून पुस्तक ठेवायच्या घोडीसारखा आधार करा आणि काटकोनाहून थोडीच जास्त उघडा. पिन गंजली असेल तर ओढू नका. बोथट सुरीने तिचे पाय सरळ करून अलगद काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. महिन्या-दोन महिन्यांनी पान बदला, म्हणजे एकाच पानावर उजेड साचत नाही.

घरातली शोकेस नवी असेल तर प्लाय आणि एमडीएफमधून निघणारी वाफ जाईपर्यंत काही आठवडे दारं उघडी टाका, मगच कागद आत ठेवा. आत एका कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ओल शोषली की रंग बदलणारी मिळते ती घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. डांबरगोळ्या नकोत. कागद ठेवायला पीव्हीसीची पाकिटंही नकोत, ती कालांतराने चिकट होतात. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची चालतात.

तबकडीचं कव्हर लावायचं असेल तर तबकडी आतून काढून साध्या पाकिटात उभी ठेवा. आडव्या चळतीने आणि सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हाने ती वाकडी होते.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात एकदा सगळ्या फ्रेमा उतरवा. मागे कसर, वाळवी, बुरशीचे ठिपके बघा आणि भिंतीला हात लावून ओल तपासा. अदलाबदलही तेव्हाच करा. दुसरी अदलाबदल दिवाळीच्या साफसफाईत. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत ती सहज तेवढी असते. म्हणून पावसाळ्यात भिंतीवर मूळ कागद कमीत कमी ठेवा आणि प्रती लावा. स्कॅनचा हा दुसरा उपयोग.

नदीकाठच्या भागात राहत असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरून चालणार नाहीत. मूळ वस्तू तळमजल्यावर असतील तर झाकण घट्ट बसणाऱ्या, एकट्याने उचलता येतील अशा प्लास्टिकच्या पेट्या आधीच तयार ठेवा आणि पेटीवर वहीतले नंबर लिहा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. पेट्या ४० च्या आतच वरच्या मजल्यावर किंवा मिरजेच्या पाहुण्यांकडे गेल्या पाहिजेत. ४५ झाल्यावर माणसं आणि जनावरं आधी, पोस्टरं नंतर.

आणि भिजलंच तर? एकमेकांना चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, उन्हातही टाकू नका. सुटे कागद टीपकागदावर सावलीत पसरा, पंखा दुसरीकडे तोंड करून लावा आणि टीपकागद बदलत राहा. फोटोची चित्राची बाजू वर ठेवा, तिला काही टेकवू नका. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी सुरू होते, तेवढ्यात सगळं वाळणार नसेल तर गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये टाका. तिथे नुकसान थांबतं, आणि नंतर सवडीने थोडेथोडे बाहेर काढून वाळवता येतात. घरचा फ्रीझर पुरत नाही आणि पुरात वीजही जाते, तेव्हा पाणी न येणाऱ्या भागातल्या एखाद्या आइस्क्रीमवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा.