बागेतल्या तळ्याला पंप घेताय? आधी या चुका टाळा

"पंप अगदी नवा आहे हो, पण पाणीच वर येत नाही, खराब निघाला वाटतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं ऐकूनच घेत नाही, सरळ विचारतो, पाइप केवढा लावलाय आणि पाणी किती वर न्यायचंय? मग पलीकडे शांतता. पंप बिचारा ठणठणीत असतो, मोजमाप कोणी केलेलं नसतं.

सगळ्यात मोठा घोळ खोक्यावरच्या आकड्यांचा. समजा लिहिलंय, तासाला ३००० लिटर आणि हेड २ मीटर. वाचणारा काय समजतो, तर हा पंप २ मीटर उंचीवर तासाला ३००० लिटर पाणी फेकणार. अजिबात नाही! ३००० लिटर मिळतात ते उंची शून्य असताना, पाइपही न लावता. आणि २ मीटर म्हणजे ती उंची जिथे पोचून पाणी थबकतं, तिथे एक थेंबही पुढे पडत नाही. आकडे दोन्ही खरे आहेत, फक्त एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत. मधे काय होतं ते खोक्याच्या बाजूला किंवा आतल्या कागदावर छोट्या आलेखात दिलेलं असतं, आणि तो कागद सगळ्यात आधी कचऱ्यात जातो.

मी पण तेच केलं होतं, उगाच शहाणपणा कशाला सांगू. माझं पहिलं तळं साधारण ३००० लिटरचं, धबधब्याचं तोंड पाण्यापासून दीड मीटर वर. वर सांगितलाय तसाच पंप आणला, बागेला पाणी घालायचा अर्धा इंची पाइप घरात पडून होता तो जोडला, घरच्यांना बोलावलं आणि स्विच दाबला. दगडावरून जी काय धार आली तिला धबधबा म्हणणं म्हणजे नळ नीट बंद न केल्याला कारंजं म्हणण्यासारखं होतं. बादली लावून बघितलं तर १० लिटर भरायला सव्वादोन मिनिटं. म्हणजे तासाला जेमतेम पावणेतीनशे लिटर. मला वाटलं पंप छोटा पडला, म्हणून तिरमिरीत ५००० लिटरवाला, ३ मीटर हेडचा घेऊन आलो. आता १० लिटरला बरोब्बर एक मिनिट. पाच हजाराचा पंप आणि सहाशे लिटर पाणी! तिसरा पंप आणायला निघालोच होतो, पण एका जुन्या प्लंबरने पाइपकडे बघून नुसतं विचारलं, "एवढ्याशा नळीतून तुम्हाला किती पाणी पाहिजे?"

पाइप ३२ मिलिमीटरचा केला. आणि पंपाबरोबर ती पायऱ्या-पायऱ्यांची निमुळती प्लास्टिकची तोटी येते ना, तिचा पुढचा बारीक भाग करवतीने कापून टाकला (तो कापायचाच असतो, आपल्या पाइपाच्या मापापर्यंत, मी तसाच ठेवला होता). तोच पंप, तीच उंची, आणि बादली १६ सेकंदांत भरली. म्हणजे तासाला २२५० लिटर.

तेव्हापासून माझा नियम, पंपाचं तोंड जेवढं मोठं तेवढाच पाइप, जमलं तर त्याहून मोठा, बारीक कधीच नाही. पाइपाचा व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी ढकलायला घर्षणात जवळपास ३२ पट जास्त जोर जातो. दुप्पट नाही, ३२ पट. काटकोनी एल्बो पण टाळा, पाइप वळवायचा तर मोठा वळसा द्या. आणि बादलीचा हिशोब पाठ करून ठेवा, १० लिटर भरायला लागलेल्या सेकंदांनी ३६,००० ला भागा, तासाचे लिटर आले.

उंची मोजताना अजून एक गंमत करतात, तळाशी ठेवलेल्या पंपापासून मोजतात. उंची मोजायची पाण्याच्या पृष्ठभागापासून धबधब्याच्या तोंडापर्यंत. पंप एक फूट खाली असो की तीन फूट, पृष्ठभागापर्यंत पाणी आपोआपच उभं असतं, ते चढवायला वेगळा जोर लागत नाही.

किती पाणी पाहिजे हे कसं ठरवायचं, तर लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला १००० ने गुणलं की लिटर. मासे असतील तर तळ्याचं सगळं पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून फिरावं, कोई (रंगीत जपानी कार्प) मासे असतील तर दर तासाला, कारण ते घाण फार करतात. धबधब्याला वेगळा अंदाज, तोंडाच्या दर सेंटिमीटर रुंदीला तासाला साधारण १५० लिटर. माझं तोंड १५ सेंटिमीटरचं होतं, करा हिशोब. दोन्हींतला मोठा आकडा धरा आणि तो पंपाच्या आलेखावर आपल्या उंचीला मिळतोय का बघा. पाच मिनिटांचं काम आहे पण लोकांना ते नको असतं, लोकांना "मॉडेल सांगा" एवढंच पाहिजे असतं.

पंप थोडा मोठा झाला तर रडू नका, बाहेर जाणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवून कमी करा. पाणी ओढणाऱ्या बाजूला कधीही आवळू नका, पंप उपाशी राहून खडखडायला लागतो आणि इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक, खराब होतो.

आता माझा दुसरा आवडता राग. घरात पडलेली टाकी भरायची मोटर तळ्याला जोडणारे लोक. फुकटात काम झालं म्हणून वर खुश! अहो, अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, २४ तास चालली तर रोजचे कमीत कमी ९ युनिट. ती मोटर तासभर चालून बंद व्हायला बनवलेली असते, महिनोन्महिने अखंड चालायला नाही. काही सबमर्सिबल मोटरींत आत तेल असतं, सील गेलं की ते तेल माशांच्या पाण्यात. तळ्यासाठी बनवलेला, चुंबकावर फिरणाऱ्या इंपेलरचा ४० वॅटचा पंप दिवसाला १ युनिटच्या आत चालतो. बचत कुठे झाली ते तुम्हीच सांगा.

आणि याच बचतवाल्यांची पुढची पायरी, रात्री पंप बंद करणं. रात्री वनस्पती आणि शेवाळ पण ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि नेमका तेव्हाच तुम्ही पाणी हलवायचं थांबवता. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू पण वाहत्या पाण्यावर जगतात. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की मग फोन येतो. सोलर पंप बॅटरीशिवाय घेतलात तर तोही सूर्याबरोबर झोपणार, मासे असतील तर एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

पंप अगदी खोल खड्ड्यात ठेवू नका. का ते सांगतो. एकदा रात्रीतून वरच्या टोकाची क्लिप सुटली, पाइप घसरून बाहेर मातीत पडला, आणि पंपाने इमानेइतबारे सगळं तळं उपसून बागेला घातलं. सकाळी बघतो तर मासे वीतभर डबक्यात आणि पंप कोरडा चालून जळालेला. मासे वाचले ते नशीब. आता माझा पंप तळापासून फूटभर वर, विटांवर असतो. पाइप निसटला तरी खाली फूटभर पाणी राहतं, आणि गाळही कमी ओढला जातो.

बाकीचं पटापट. कारंज्याच्या पंपाला बारीक स्पंज असतो, तो पंप फिल्टरला लावाल तर दोन दिवसांआड स्पंज धूत बसाल, फिल्टरसाठी घाण गिळून पुढे ढकलणारा पंप वेगळा मिळतो. धबधबा एका टोकाला तर पंप दुसऱ्या टोकाला. कमळाच्या पानांवर सतत पाणी उडवू नका, त्यांना सोसत नाही. वायर धरून पंप उचलायचा नाही, कधीच नाही. आणि ३० मिलिअँपिअर वीजगळतीवर तुटणारं सुरक्षा ब्रेकर नसेल तर पंप आणूच नका, आधी ते बसवा. पाण्यात हात घालताना स्विच बंद, यावर चर्चा नको.

नवा पंप गुणगुणतोय पण पाणी नाही, तर आत हवा अडकली असेल, पाण्याखालीच तिरपा करून बुडबुडे जाऊ द्या. जुना पंप अडकला तर फेकायच्या आधी उघडून बघा, इंपेलरजवळ एखादी गोगलगाय नाहीतर शेवाळाची गुंडाळी सापडते. पांढरा क्षार चढला असेल तर इंपेलर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. परत जोडताना ती काळी रबरी रिंग विसरू नका. मी एकदा तीन दिवस शोधली, खिशातच होती.