गोष्ट कोणी सांगितली? आयर्लंडमध्ये पुरातत्त्व शिकायला येणाऱ्यांसाठी

पहिल्या सत्रात मी न्यूग्रेंजवर निबंध लिहिला आणि तो लाल शाईने भरून परत आला. बॉइन नदीकाठचं हे दफनटेकाड इ.स.पू. ३२००च्या आसपासचं. एंगस नावाच्या देवाची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे, तेव्हा बांधणारे लोक एंगसला भजत असणार, असं मी ठोकून दिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात विचारलं होतं, "ही गोष्ट कोणी, कधी, कोणाला सांगितली?" गोष्ट मध्ययुगीन हस्तलिखितांतली, ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडात उतरवलेली. बांधकाम आणि शाई यांच्यात चार हजार वर्षं. पांडवलेणी पांडवांनी कोरली नाहीत, हे नाशिकला शाळेच्या सहलीतच ऐकलेली मी, इथे येऊन तीच चूक करून बसले.

गोष्ट मात्र झकास आहे, आणि मराठी माणसाला ती विनासायास कळते. एंगसला ही जागा बापाकडून, दाग्दाकडून, हवी असते. एका पाठात तो म्हणतो, मला फक्त "दिवस आणि रात्र" राहू द्या. मुदत संपल्यावर बाप म्हणतो, निघ आता. एंगस म्हणतो, निघू कशाला? सगळं जग दिवस आणि रात्र यांचंच तर बनलंय! आयरिशमध्ये 'एक' म्हणायला इंग्रजीसारखा वेगळा शब्द लावत नाहीत, त्यामुळे मागणीचे दोन्ही अर्थ होतात. इंग्रजीतून वाचणाऱ्या वर्गमित्रांना ही चलाखी तळटीप वाचून समजली. मला हसू आधी आलं, तळटीप नंतर दिसली. इथे आल्यावर मूळ आयरिश थोडी तरी शिका, असं म्हणते ते यासाठी. (फोनवर आईला मात्र जपून सांगा. अद्भुत लोक राहतात त्या टेकाडाला इथे 'शी' म्हणतात. "दिवसभर शी बघत फिरले" यावर घरी काय प्रतिक्रिया आली ते लिहीत नाही.)

लोककथा म्हणजे निव्वळ भाकड, असं मानून चालणंही महागात पडतं. १९६२ ते १९७५ या काळात न्यूग्रेंजचं उत्खनन केलं मायकल ओ'केली यांनी. बघायला येणारे लोक त्यांना सांगत, आतल्या कोरीव दगडांवर सूर्याचं ऊन पडतं. त्यांना वाटलं, हे लोक इंग्लंडमधल्या स्टोनहेंजशी घोळ घालताहेत. तिथे उन्हाळ्यातला सूर्योदय. पण न्यूग्रेंजची आतली वाट आग्नेयेकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन शिरायचंच तर हिवाळ्यात. २१ डिसेंबर १९६७ला ते पहाटे आत जाऊन बसले. दारावरच्या छोट्या झरोक्यातून किरण आला आणि सुमारे १९ मीटरची वाट ओलांडून दालनात पोचला. हा खेळ १७ मिनिटांच्या आसपास चालतो. त्या दिवसांत आत बसायला आता सोडत निघते. माझं नाव अजून लागलेलं नाही.

आणि मग डाउथ. न्यूग्रेंजच्या शेजारचंच टेकाड. स्थळांच्या नावांमागच्या कथांचा एक मोठा मध्ययुगीन संग्रह आहे, दिनशेनखस. आपली स्थळमाहात्म्यं वाचलेल्यांना त्यात लगेच घरच्यासारखं वाटेल. त्यात डाउथचं नाव 'अंधार' या शब्दाशी जोडलंय. राजाला एका दिवसात आभाळाला भिडणारा मनोरा हवा असतो. बहीण मंत्राने सूर्य थांबवून धरते. राजा तिच्याशीच संग करतो, मंत्र तुटतो, अंधार पडतो, काम अर्धवट राहतं. आता २०२० सालची गोष्ट. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने न्यूग्रेंजमध्ये सापडलेल्या एका माणसाच्या हाडांतला डीएनए तपासला. त्याचे आईबाप सख्खे बहीणभाऊ, नाहीतर आईमुलगा किंवा बापलेक असल्याचं निघालं. आठवण चार हजार वर्षं टिकली का? मला पटत नाही. पण तो शोधनिबंध वाचला त्या रात्री झोपही लागली नाही.

न्यूग्रेंज सगळ्यांना माहीत असतं. खरं शिक्षण रिंगफोर्टवर होतं. मातीच्या गोल बांधाने वेढलेली ही सुरुवातीच्या मध्ययुगातली शेतघरं. देशभर सुमारे ४५,०००. लोक त्यांना 'परीगढी' म्हणतात आणि त्यातलं झाड तोडत नाहीत, विशेषतः एकटं उभं असलेलं हॉथॉर्न हे काटेरी झाड. आपल्याकडच्या देवराईतली काटकी कोणी घरी आणत नाही, तसंच. क्लेअर परगण्यात १९९९ साली असंच एक झाड रस्त्याच्या आड आलं. एडी लेनिहन या कथाकारांनी आवाज उठवला, आणि झाड राखून रस्ता झाला.

त्याच परगण्यातल्या एका शेतावर मी पाहणीला गेले होते. बहुतेक स्मारकं खासगी जमिनीत आहेत, तेव्हा आधी घरी जाऊन विचारायचं, फाटक होतं तसं लावायचं आणि वळूकडे पाठ करायची नाही. शेतकरी सत्तरीचे. शेताच्या मधोमध बांध, त्यावर काटेरी झुडपं, आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे चर त्याला बरोब्बर वळसा घालून गेलेले. किती जमीन फुकट गेली असेल, मी विचारलं. ते म्हणाले, "आजोबांनी तोडलं नाही, वडिलांनी तोडलं नाही. पहिला मीच कशाला होऊ, पोरी?" स्मारकं राखण्याचा कायदा १९३०चा, या बांधाची राखण त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेली. तेव्हा कुठे समासातल्या प्रश्नाचा अर्थ डोक्यात शिरला. ही गोष्ट बांध घालणाऱ्यांबद्दल काही सांगत नाही. बांधाशेजारी नांगर धरणाऱ्यांबद्दल सगळं सांगते.

या गोष्टी कुठे शोधायच्या? १९३७ ते १९३९ या काळात लोककथा आयोगाने शाळकरी मुलांना कामाला लावलं: घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० मुलं. परीगढ्या, पवित्र विहिरी, पुरलेलं धन, असे विषय वाटून दिलेले. सगळं आता 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, मूळ हस्ताक्षरासकट. आयरिशमधली पानं जुन्या वळणाची आहेत. त्यात अक्षराच्या डोक्यावर टिंब आलं की उच्चार पालटतो; 'ब'वर टिंब दिलं की साधारण 'व'. अनुस्वार गिरवत वाढलेल्यांना हे जड जात नाही, पण आठवडाभर प्रत्येक टिंब नाकात म्हणायची सवय काही जात नाही. स्मारकांसाठी सरकारी ऑनलाइन नकाशा आहे. जोडीला एकोणिसाव्या शतकातले सर्वेक्षणाचे नकाशे उघडा. त्यावर 'दीरमिड आणि ग्रान्याची शेज' असं लिहिलेलं दिसलं की तिथे बहुधा महापाषाणकालीन दगडी समाधी असते. फिन मॅक्कूल या दंतकथेतल्या योद्ध्यापासून पळालेलं हे प्रेमी जोडपं एका जागी दोन रात्री झोपत नसे. त्यामुळे शेजा देशभर पसरल्यात.

नोकरीचं थोडक्यात. बहुतेक काम बांधकामाआधीच्या उत्खननात मिळतं: रस्ते, वसाहती, पाइपलाइन. बांधकामाच्या जागेवर उभं राहायला 'सेफ पास' लागतो. एका दिवसाचं प्रशिक्षण, ते शिकत असतानाच उरकून घ्या. गाडी चालवायचा परवाना काढा, कारण खणायची जागा बसच्या थांब्यावर कधीच नसते. उत्खनन स्वतःच्या नावावर करायला सरकारी परवाना लागतो, त्यासाठी मुलाखत होते. ती पुढची गोष्ट. आधी काही वर्षं पावसात ट्रॉवेल, म्हणजे माती खरवडायची छोटी थापी. मास्टर्सनंतर युरोपबाहेरच्यांना काम शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं, पण नियम अर्ज करण्याआधी नव्याने तपासा. मेटल डिटेक्टर घेऊन हौसेखातर फिरू नका. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

त्या शेतकऱ्यांच्या गावचं पान मला मुलांच्या वह्यांत सापडलं. गढीतली फांदी तोडणाऱ्या माणसाचा हात वाकडा झाला, असं एका मुलीने लिहिलं होतं. मी ते छापून त्यांना नेऊन दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.

"चूक आहे," ते म्हणाले. "हाताला काही झालं नव्हतं. गाय मेली होती. आणि ती सुद्धा त्याची नाही, भावाची."

मी वही काढली आणि आधी तारीख टाकली.