ऐकू येते, पण कळत नाही : कानांची पारख कशी करावी आणि ते कसे जपावेत

कमी ऐकू येऊ लागल्याचे घरातल्या इतरांना आधी कळते आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी, कारण वाढवलेल्या टीव्हीचा त्रास इतरांनाच होत असतो. शिवाय हा बहिरेपणा एकदम येत नाही. वय किंवा गोंगाट यांमुळे कान अधू होतात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग नेमका त्याच पट्टीत असतो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले असल्यामुळे ऐकू येत राहतात. म्हणून भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ असा घोळ होतो, आणि ‘मला ऐकू येते रे, तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस’ ही तक्रार सुरू होते. ही तक्रार बहुधा खरीच असते, फक्त दोष बोलणाऱ्याचा नसतो.

सुरुवात घरातूनच करावी. टीव्हीच्या पडद्यावर आवाजाचा जो आकडा दिसतो, तो आठवडाभर लिहून ठेवावा आणि इतरांना पुरेसा वाटणारा आकडाही शेजारी लिहावा. फोन एकदा उजव्या आणि एकदा डाव्या कानाला लावून तेच संभाषण ऐकावे. एका बाजूने शब्द अस्पष्ट येत असतील तर ते लगेच जाणवते. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचे बोलणे समजते का, दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक कोणत्या दिशेने आली ते कळते का, लहान मुलांचे बोलणे निसटते का, याकडेही लक्ष द्यावे.

शंका बळावली की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कारण कधी नुसता मळ असतो, कधी पडद्याला भोक असते, आणि दोन्हींवर उपचार आहेत. त्यानंतर ऑडिओमेट्री होते. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि अगदी पुसट शिट्टी ऐकू आली तरी बटण दाबायला सांगतात. त्यातून जो आलेख निघतो, तो वयामुळे बहुधा उंच पट्टीकडे उतरत जातो, तर गोंगाटामुळे 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही श्रवणतपासणी होते.

एका बाबतीत मात्र थांबू नये. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकू येणे अचानक कमी झाले, तर ‘सर्दीने दडे बसले असतील’ असे म्हणत आठवडा घालवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी दिली जाणारी स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक उपयोगी पडतात.

आता प्रतिबंधाकडे वळू, आणि त्यासाठी पुण्यातील ढोल-ताशा पथकाइतके चांगले उदाहरण नाही. गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव चालतो आणि वादकांच्या कानाशी आवाज सहज 100 डेसिबलपर्यंत किंवा त्यापलीकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तरी चालतो, पण 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते आणि 100 डेसिबलला जेमतेम 20 मिनिटे उरतात. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सरावानंतर कानात गुणगुण होणे किंवा कान बधिर वाटणे हा दमल्याचा नव्हे, तर इजा झाल्याचा इशारा आहे. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी तो मनावर घ्यावा.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग वापरावेत, पण तेही नीट बसवले तरच उपयोग होतो. स्वच्छ हातांनी प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. नीट बसल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. लय चुकेल अशी भीती नवख्या वादकांना वाटते, मात्र ढोलाचा ठोका अंगातूनही जाणवतो, त्यामुळे दोन-चार सरावांत सवय होते. ताशाचा कर्कश आवाज अधिक जाच करतो, म्हणून ताशेवाल्यांनी प्लग विसरूच नये. विश्रांतीच्या वेळी वाद्यांपासून दूर जावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. मिरवणुकीत लहान मुलांना खांद्यावर बसवून ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर उभे राहणे तर सोडूनच द्यावे. इयरफोनलाही हाच हिशेब लागू आहे. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते.

कानात काडी, पिन किंवा गरम तेल घालू नये. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने किंवा कर्करोगावरील सिस्प्लॅटिन चालू असताना कानात आवाज येऊ लागला, तर औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

पथकात नाव नोंदवणाऱ्याने सराव सुरू होण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून आलेख जपून ठेवावा, आणि विसर्जनानंतर कान काही दिवस शांत राहिल्यावर पुन्हा तपासणी करून दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहावेत. 4000 हर्ट्झपाशी रेघ खाली गेलेली दिसली, तर पुढच्या वर्षी पथकात कुठे उभे राहायचे ते तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.